आधी मोजणी की आधी देवघेव? शाळेतल्या एका ग्रंथपालाचा प्रश्न

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी मी एका शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. साधारण ९०० मुलं, २२ तुकड्या, दाखल रजिस्टरात ६,२०० पुस्तकं. त्यातली निम्म्याहून जास्त कुलूपबंद कपाटांत आहेत. माझ्या आधी ही जागा दोन वर्षं रिकामी होती, त्यामुळे रजिस्टर आणि कपाट यांचा मेळ लागत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आधी संपूर्ण मोजणी करा, मगच पुस्तकं मुलांच्या हातात द्या. हरवली तर जबाबदारी तुमची. मोजणीला बसले की गैरहजर शिक्षकांच्या तासावर पाठवतात. तरी ग्रंथालयाच्या तासाला थोडीफार पुस्तकं द्यायचा प्रयत्न करते, पण ४० जणांच्या नोंदी लिहिता लिहिता तास संपतो आणि निम्मी मुलं रिकाम्या हातांनी परत जातात. शिक्षक मला शिक्षक मानत नाहीत, कार्यालयही आपलं मानत नाही. सुरुवात कुठून करू? आणि या कामाचा काही उपयोग होतोय हे ओळखायचं तरी कसं?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या बहुतेक अडचणींचं मूळ ‘आधी मोजणी, मग देवघेव’ या क्रमात आहे. देवघेव चालू असतानाही मोजणी नीट होते. उलट मोजणीसाठी देवघेव थांबवली, तर मोजणीला कधीच घाई उरत नाही आणि कुलूप वर्षभर तसंच राहतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असं आहे, हे तुम्ही अभ्यासक्रमात शिकला असालच. पण ते मुख्याध्यापकांना ऐकवून काही साधणार नाही. त्यांना धास्ती हिशेबाची आहे, तेव्हा त्यांच्यासमोर हिशेबच ठेवायला हवा.

म्हणून पहिलं काम कागदाचं. पदभार घेताना तुम्हाला पुस्तकांची यादी मोजून दिली गेली होती का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. मग आजच एक पत्र द्या: अमुक तारखेला रुजू झाले, त्या वेळी मोजणी करून पदभार मिळालेला नाही, आता पडताळणी सुरू करत आहे, तिच्यात जी तूट निघेल ती ‘रुजू होण्यापूर्वीची स्थिती’ म्हणून नोंदवावी. आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. सात महिने उलटलेत, आणखी उशीर केलात तर रिकाम्या गेलेल्या त्या दोन वर्षांतली पुस्तकंही तुमच्याच नावावर चढतील.

आता मुलं रिकाम्या हातांनी का जातात ते पाहू. वहीत नाव, तुकडी, दाखल क्रमांक (रजिस्टरात पुस्तकाला मिळालेला क्रमांक), पुस्तकाचं नाव, तारीख आणि सही एवढं लिहायला एका मुलामागे मिनिटभर तरी लागतं. म्हणजे ४० मुलांना ४० मिनिटं, आणि तास बहुतेक ३५ मिनिटांचाच असणार. शिवाय परत आलेली पुस्तकं वहीत मागची पानं चाळून शोधायची. तुम्ही कितीही भराभर लिहिलंत तरी हे गणित सुटणार नाही. वही बंद करा आणि ब्राऊन पद्धत आणा. जुनी आहे, वीज लागत नाही, आणि शाळेच्या तासासाठी अजून तिच्याइतकी सोयीची पद्धत आमच्या पाहण्यात नाही.

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा चिकटवायचा, त्यात बुक कार्ड. कार्ड जाड कागदाचं, १० बाय ५ सेंटीमीटर पुरे. वरच्या कडेला ठळक दाखल क्रमांक, त्याखाली लेखक आणि शीर्षक. खिशासमोरच्या पानावर तारखेची चिठ्ठी. तिला फक्त वरच्या कडेला डिंक लावा, म्हणजे भरल्यावर अलगद काढून नवी लावता येते. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक छोटा कागदी पाकीटवजा वाचकखिसा, साडेसहा सेंटीमीटर रुंद आणि सात उंच, म्हणजे त्यात खोचलेल्या कार्डाचा क्रमांक वर दिसत राहतो. मुलानं पुस्तक आणलं की तुम्ही बुक कार्ड काढून त्याच्या वाचकखिशात सरकवता, चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारता आणि कार्डासह तो खिसा ट्रेमध्ये टाकता. लिहायचं काहीच नाही. पुस्तक परत आलं की ट्रेमधून त्याचं कार्ड काढून पुन्हा पुस्तकात घालायचं. एका मुलाला १५ ते २० सेकंद, ४० मुलांना फार तर १३-१४ मिनिटं. उरलेली २० मिनिटं पुस्तकं निवडायला आणि तुम्हाला बोलायला.

वाचकखिसे मुलांकडे देऊ नका, हरवतातच. तुकडीवार डब्यात, हजेरी क्रमांकानं लावून तुमच्याकडे ठेवा. एका तुकडीची परतीची तारीख एकच ठेवली की ट्रेमध्ये तारखेमागे तुकडी आणि तिच्यात दाखल क्रमांकाचा चढता क्रम, एवढ्यानं शोधाशोध संपते. ग्रंथालयाच्या दिवशी सकाळी वर्गाच्या मॉनिटरनं सगळी पुस्तकं गोळा करून आणून द्यावीत आणि परतीचं काम तुम्ही तास सुरू होण्याआधी आटोपावं. तासात परत घेणं आणि देणं दोन्ही करू गेलात की रांग लागते, आणि रांगेत उभं राहिलेलं मूल पुस्तक निवडत नाही, समोर दिसेल ते उचलतं.

या पद्धतीत चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. सकाळी शिक्क्याची तारीख बदलायची राहून जाते. ट्रेमध्ये ४३१२ आणि ४३२१ यांची अदलाबदल होते. पण सगळ्यांत त्रासदायक म्हणजे कार्डावर क्रमांकच चुकीचा लिहिला जाणं, कारण मग पुस्तक परत येतं आणि त्याचं कार्ड सापडत नाही. कार्डं मोठ्या वर्गातल्या मुलांकडून लिहून घ्यायला हरकत नाही, मात्र एकानं पुस्तकाच्या आतल्या शिक्क्यावरचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं कार्डावरचा, आणि जुळल्याशिवाय कार्ड खिशात घालायचं नाही.

६,२०० कार्डं एकदम करायला बसू नका. सुरुवात लहान वर्गांच्या ११ तुकड्यांनी करा, म्हणजे साधारण ४५० मुलं. त्यांच्यासाठी चांगल्या अवस्थेतली, वाचली जातील अशी १,२०० पुस्तकं कपाटातून बाहेर काढा. सगळ्यांनी एकेक नेलं तरी मांडणीवर साडेसातशे उरतात आणि शेवटच्या तुकडीलाही निवडायला वाव राहतो. आठ मुलांनी एका बैठकीत प्रत्येकी १५ कार्डं लिहिली तर दहा बैठकांत हे उरकतं. तोवर बाकीच्या तुकड्यांनी ग्रंथालयातच बसून वाचावं. पुढे दर आठवड्याला शे-दीडशे पुस्तकांची भर घालत गेलात की त्यांनाही घरी न्यायला मिळतील.

ब्राऊन पद्धतीला एक नाव ठेवलं जातं: पुस्तक परत आलं की कोणी काय वाचलं याची नोंदच उरत नाही. आमच्या मते हा तिचा मोठा गुण आहे. वयात येताना शरीरात होणारे बदल, आईवडिलांचं विभक्त होणं, नैराश्य अशा विषयांवरचं पुस्तक एखादं मूल धीर करून नेतं. ती नोंद पुढच्या मुलाला बुक कार्डावर दिसली किंवा वर्गशिक्षकांनी सहज म्हणून विचारली, तर ते मूल पुन्हा तसलं पुस्तक मागणार नाही. संगणकावर देवघेव करत असाल तर परतीनंतरचा वाचनेतिहास पुसण्याची सोय आहे का ते पाहा. कोहासारख्या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत ती आहे. संगणक मिळाला तर घ्याच, पण त्याच्यासाठी थांबू नका. पुढे बारकोड लावाल तेव्हा त्यावर जुनाच दाखल क्रमांक छापा. दोन क्रमांकांचे पुस्तक ही नवी डोकेदुखी होते.

आता मोजणी. रजिस्टर घेऊन कपाटासमोर उभं राहू नका. पुस्तकं विषयवार किंवा कशीही लागलेली असतात आणि रजिस्टर दाखल क्रमांकानं चालतं, त्यामुळे एकेका पुस्तकासाठी पानं उलटावी लागतात. त्याऐवजी कोऱ्या कागदावर दहा बाय दहाच्या चौकटी आखून दाखल क्रमांक लिहा. एका पानावर १०० क्रमांक, म्हणजे तुमच्या ६,२०० पुस्तकांना ६२ पानं. एकानं कपाटातलं पुस्तक उघडून आतल्या शिक्क्यावरचा क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं चौकट काटायची. पाठीवरच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक वाचू नका, पट्ट्या चुकीच्या पुस्तकावर गेलेल्या असतात. मोजलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण करा, म्हणजे काम मध्येच थांबलं तरी कुठवर आलो ते कळतं. तुमच्या बाबतीत ते थांबणारच आहे. ट्रेमधल्या बुक कार्डांवरचे क्रमांकही याच चौकटींत काटायचे, पण वेगळ्या रंगानं. बाहेर असलेलं पुस्तक हे हिशेबातलं पुस्तक आहे, आणि मुख्याध्यापकांना दाखवायचं ते हेच.

सगळं काटून झाल्यावर तीन प्रकारचे घोळ हाती राहतील. काही क्रमांक न काटलेले राहतील. त्यांना लगेच हरवलेले म्हणू नका. प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, मुख्याध्यापकांची खोली आणि शिक्षकांचे लॉकर आधी बघा. हरवलेल्या म्हणून यादीत गेलेल्या पुस्तकांतली बरीचशी मुलांच्या घरी नसतात, ती शिक्षककक्षातच वर्षानुवर्षं बसलेली असतात (हे तिथे मोठ्यानं बोलू नका, नुसती यादी घेऊन जा). काही पुस्तकांवर क्रमांकच नसेल. ती न काटलेल्या क्रमांकांच्या नोंदींशी ताडून पाहायची: लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठसंख्या आणि किंमत सगळं जुळलं तरच तो क्रमांक द्यायचा. अंदाजानं द्यायचा नाही. जुळलं नाही तर नवा क्रमांक द्या आणि शेऱ्यात ‘पडताळणीत आढळले, मूळ नोंद नाही’ असं लिहा. आणि काही ठिकाणी एकच क्रमांक दोन पुस्तकांवर असेल. रजिस्टरातल्या नोंदीशी जुळणाऱ्याचा क्रमांक कायम ठेवा, दुसऱ्याला नवा द्या.

रजिस्टरात खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. चुकीच्या नोंदीवर लाल शाईनं एक रेघ, बाजूला दुरुस्ती, तारीख आणि सही. बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही. मोजणीच्या शेवटी एका पानाचा गोषवारा करून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या: रजिस्टरातली एकूण, कपाटात सापडलेली, वाचकांकडे असलेली, न सापडलेली. पुढच्या वर्षी तुम्हाला विचारायचं ते या कागदापासून पुढचं.

बदलीच्या तासांना सरळ नकार देता येणार नाही, आणि देऊही नये असं आम्हाला वाटतं. पण तुम्ही वर्गावर जाण्याऐवजी तो वर्ग ग्रंथालयात आणा. मुलं नजरेखाली राहतात, शाळेची अडचण भागते, खोलीही बंद पडत नाही. सोबत एक साधी नोंद ठेवा: तारीख, तास, आणि त्यामुळे ग्रंथालयाचा कोणत्या तुकडीचा ठरलेला तास बुडाला. महिनाअखेरीस हे पान कोणतीही तक्रार न जोडता मुख्याध्यापकांसमोर ठेवा. ‘मला सारखं पाठवतात’ यापेक्षा ‘या महिन्यात सात तुकड्यांचं पुस्तक चुकलं’ हे वाक्य लवकर ऐकलं जातं.

हरवण्याबद्दल लेखी नियम हवा आणि तो सौम्य हवा. हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यावं; मिळत नसेल तर तुम्ही सुचवलेलं, साधारण तेवढ्याच किमतीचं दुसरं. उशिराचा दंड लावू नका. दंडाच्या भीतीनं मूल पुस्तक लवकर आणत नाही, ते ग्रंथालयातच यायचं थांबतं, आणि पुस्तक घरीच राहतं. फार तर आधीचं परत येईपर्यंत नवं घरी न्यायला द्यायचं नाही, पण बसून वाचायला कायम मुभा. वापरात असलेल्या ग्रंथालयातून दर वर्षी काही पुस्तकं जाणार, काही फाटणार. तूट शून्य ठेवायची तर कुलूपच लावावं लागतं, आणि कुलपातली पुस्तकं कसर खाते. अशा घटीबद्दल तुमच्या संस्थेच्या नियमांत काय म्हटलंय ते वाचून ठेवा आणि त्या मर्यादेत दर वर्षी रीतसर निर्लेखन, म्हणजे गेलेली-फाटलेली पुस्तकं मंजुरीनं रजिस्टरातून बाद करणं, करून घ्या. दहा वर्षांची तूट एकदम निघाली की ती चोरीसारखी दिसते.

निर्लेखनावरून छाननीचा विषय. कपाटं उघडलीत की लक्षात येईल, सगळीच पुस्तकं बाहेर मांडण्यासारखी नाहीत. सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारी पुस्तकं २००६ पासून चुकीची आहेत. दक्षिण सुदान नसलेला नकाशासंग्रह २०११ च्या आधीचा. जुने अभ्यासक्रम, त्यांची मार्गदर्शकं, बाद झालेल्या संगणक प्रणालींची पुस्तकं, ठिसूळ पिवळी झालेली आणि न वाचलेली पाचवी-सहावी प्रत, हे सगळं वेगळं काढा. गचाळ पुस्तकांच्या गर्दीत चांगलं पुस्तक दिसत नाही. अर्धं काढलं की उरलेल्यांची देवघेव वाढते. मात्र शाळेचे जुने वार्षिक अंक आणि परिसराच्या इतिहासावरची पुस्तकं कितीही कळकट असली तरी काढू नका, ती पुन्हा मिळत नाहीत. आणि मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत एकही पुस्तक खोलीबाहेर जाऊ देऊ नका. मंजुरी आली की रजिस्टरात ठरावाचा क्रमांक, तारीख, आणि पुस्तकावर ‘रद्द’ शिक्का. नाही तर ते रद्दीतून कोणाच्या तरी हाती पडतं आणि शाळेची पुस्तकं विकली अशी बोंब होते.

मांडणीसाठी ड्युई दशांश पद्धत पुरे. १८७६ सालची असली तरी शाळेच्या कामाला चालते, आणि शाळेत तीन आकडे, फार तर एखादा दशांश एवढंच वापरावं. लोककथा ३९८.२, खगोलशास्त्र ५२०, प्राणी ५९०, खेळ ७९६. दशांशाचा क्रम मुलांना हमखास फसवतो: ५९९.७५ म्हणजे मांजरकुळातले प्राणी आधी आणि ५९९.८ म्हणजे माकडं-वानरं नंतर, पण मुलं ७५ मोठे म्हणून उलटं लावतात. मदतनीस मुलांना एवढं एकदा बसवून शिकवा. कथा-कादंबऱ्यांना आकडे न देता लेखकाच्या आडनावाच्या अक्षरानं लावलं तरी चालतं. वाचनाच्या पातळीनुसार रंगीत पट्ट्या लावायचा मोह होईल. नका लावू. आठवडाभरात सगळ्या वर्गाला कळतं की हिरवी पट्टी ‘कच्च्यांची’, आणि जिला तिची गरज आहे ती मुलगी हिरवं पुस्तक हातात धरत नाही. फळी तीनचतुर्थांश भरा. ठासून भरली की मुलं पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढतात आणि तिथूनच पाठ फाटते. मोकळ्या जागेत दोन-तीन पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून उभी ठेवा, आधी तीच जातील.

डागडुजीबद्दल थोडक्यात. सेलोटेप पुस्तकांपासून लांब ठेवा. काही वर्षांत तिचा चिकट थर तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि पट्टी गळून पडते, डाग मात्र राहतो. सुटलेलं एखादं पान बसवायला त्याच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर पांढरा डिंक ब्रशनं लावून पान पुस्तकाच्या आतल्या घडीत टेकवा, दोन्ही बाजूंना बटरपेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पुठ्ठ्याचा सांधा ढिला झाला असेल तर विणकामाच्या सुईला डिंक माखून ती पाठीच्या पोकळीत सांध्याच्या रेषेत फिरवा, पुन्हा बटरपेपर आणि वजन. पाणचट डिंक वापरू नका, कागद लाटांसारखा वाकतो. पाऊस किंवा गळतीनं पुस्तकं भिजली तर हातात दोनेक दिवसच असतात, त्यानंतर बुरशी धरते. पानांत कोरे कागद घालून पंख्याखाली उभी करा. गुळगुळीत कागदाची आधी घ्या, ती वाळताना चिकटली की सुटत नाहीत. बुरशी धरलेलं पुस्तक ओल्या फडक्यानं पुसू नका. पिशवीत बंद करून वेगळं काढा, कोरड्या जागी पूर्ण वाळवा आणि मग बाहेर मोकळ्यावर, नाकाला मास्क लावून ब्रशनं झटका.

राहिला उपयोगाचा प्रश्न. महिन्याला मुलामागे किती पुस्तकं गेली हा आकडा ठेवा, पण त्याच्यावर भिस्त नको. तोच वाढवायचा म्हटला तर पातळ पुस्तकं वाटून वाढतो. त्याहून बरं सांगतात त्या तारखेच्या चिठ्ठ्या. कधीतरी एका फळीसमोर बसून फक्त चिठ्ठ्या पाहा. कोणत्या भरल्यात, कोणत्या कोऱ्या आहेत, आणि कोऱ्यांतली कोणती पुस्तकं तुम्हाला स्वतःला आवडतात. ती पुढच्या तासाला हातात घेऊन दोन-तीन मिनिटं मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात थांबा. प्रत एकच असेल तर मागणीच्या चिठ्ठ्या घ्या. एका कोऱ्या चिठ्ठीच्या पुस्तकाला पाच मागण्या आल्या, हे तुमच्या कामाचंच फळ. एखादा मुलगा डायनॉसॉरचं तेच पुस्तक चौथ्यांदा मागत असेल तर द्या, आणि शेजारी दुसरं एक ठेवा. नेलं नाही तरी चालेल.

शिक्षकांशी नातंही पुस्तकांवरूनच जुळेल. त्यांचेही वाचकखिसे करा, मुदत मोठी द्या, पण द्या मुदतच. येत्या पंधरवड्यात कोणता घटक आहे हे एकेकाला विचारून त्यावरची पाच पुस्तकं, पानांच्या क्रमांकासह, तास व्हायच्या आठवडाभर आधी त्यांच्या टेबलावर पोचवा. पहिल्या महिन्यात दोघंच प्रतिसाद देतील. त्या दोघांपासून सुरू करा.

आणि टेबलावर एक वही ठेवा, ज्यात मुलांनी मागितलेलं पण तुमच्याकडे न निघालेलं तेवढंच लिहायचं: विषय आणि इयत्ता, मुलाचं नाव नाही. ‘सापाचं विष काढतात कसं’, ‘बुद्धिबळाची सुरुवातीची चाल’, ‘भुताची, पण खरी भीती वाटेल अशी’. खरेदीची यादी मागितली जाईल तेव्हा प्रकाशकांच्या सूचीआधी ही वही उघडा, आणि पुस्तक आलं की त्या इयत्तेच्या फलकावर त्याचं नाव लिहायला सांगा.